दोन दिवसांची सोय

मी फळी बोलतेय. इकडे तिकडे काय बघता, खाली बघा! तुमच्या गल्लीच्या टोकाला उघडं गटार आहे, त्याच्या कठड्यात जिथे माणूस जाईल एवढी फट सोडली आहे, तिथे आडवी टाकलेली, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, ती मी. रोज सकाळी बस गाठायला तुम्ही माझ्यावरून दणदण करत जाता. सहा वर्षांत एकानंही विचारलं नाही, की बाई, तू इथे आलीस कशी? आज मीच सांगते. जरा तिखट बोलेन. इतकी वर्षं गटारावर काढल्यावर गोड कोण बोलेल?

मी काही गटारासाठी जन्मले नव्हते. सुतारानं मला चांगल्या जाडजूड लाकडातून कापलं, रंधा मारला, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "बाई, हिच्यावर हत्ती उभा केलात तरी वाकायची नाही." गिऱ्हाईक म्हणजे तुमच्या कोपऱ्यावरच्या घरातल्या काकू. त्यांचा संसार तेव्हा नवा होता. त्यांनी मला स्वयंपाकघराच्या भिंतीवर बसवलं आणि माझ्यावर डबे मांडले. दर आठवड्याला डबे उतरवून ओल्या फडक्यानं मला पुसायच्या. तीस वर्षं मी सुखात काढली. मग स्टीलची मांडणी आली. गरज सरो, वैद्य मरो. माझी रवानगी मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीशेजारी झाली.

आता काकांबद्दल. काका वजनमापं तपासणारे अधिकारी होते. दुकानादुकानांतून काटे तपासण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर तपासायला दुकानं उरली नाहीत, म्हणून त्यांनी कॉलनी तपासायला घेतली. फुटपाथवर चढवलेल्या गाड्या, भर दुपारी जळणारे रस्त्यावरचे दिवे, कुंपणाबाहेर डोळ्यांत घुसणाऱ्या फांद्या, डब्यात न पडता डब्याशेजारी पडणारा कचरा, प्रत्येक गोष्टीवर काकांचं ठाम मत असायचं आणि ते मोठ्यांदा असायचं. कुत्री फिरवायला नेणाऱ्यांना तर ते अडवूनच सांगत, "कुत्रं शहाणं आहे हो तुमचं. त्याला लाज वाटते, तोंड फिरवून बसतं. तुम्ही मात्र आकाशाकडे बघत उभे!"

तुम्ही समोर म्हणायचात, "काका, अगदी बरोबर बोललात." पाठ फिरली की म्हणायचात, "तराजू आला होता डोकं खायला." मी टाकीशेजारी पडून दोन्ही ऐकायची.

मग एक दिवस गल्लीत उलट्या येणाऱ्या सामानाच्या ट्रकचं मागचं चाक गटारावरच्या सिमेंटच्या लादीवर चढलं आणि लादीचे तीन तुकडे झाले. सामान वकीलसाहेबांच्या नव्या बंगल्याचं होतं. लादी मात्र सगळ्यांची होती, म्हणजे कोणाचीच नव्हती. बसथांबा पलीकडे. मोटारींसाठी चौकात पक्का पूल आहे, पण तिथून वळसा घालायचा तर दहा मिनिटं लागतात. एवढा वेळ कोणाला आहे? माणसं गटारावरून उड्या मारू लागली. इस्पितळात जाणाऱ्या नर्सबाई तिसऱ्या दिवशी घसरल्या आणि गुडघा फोडून घेतला.

त्याच संध्याकाळी काका मला उचलायला आले.

"अहो, चांगली फळी आहे ती," काकू म्हणाल्या.

"दोन दिवसांची सोय गं. पालिकेची लादी आली की परत आणतो."

खरं सांगते, मला तेव्हा आनंद झाला होता. अंगणात कुजण्यापेक्षा माणसांच्या उपयोगी पडू, असं वाटलं. बावळट होते मी.

दोन दिवसांचे दोन महिने झाले. काकांनी पालिकेला अर्ज लिहिला आणि सह्या गोळा करायला दारोदार फिरले. कॉलनीचे सेक्रेटरी म्हणाले, "सही करायला माझी ना नाही काका, पण उगाच पालिकेशी वाकडं कशाला?" वकीलसाहेब म्हणाले, "तत्त्वतः मी तुमच्याच बाजूनं आहे." तत्त्वतः! पेन मात्र खिशातून निघालं नाही. सगळ्या कॉलनीत मिळून सह्या झाल्या तीन. काका, काकू आणि नर्सबाई. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा तीनच. सहा वर्षं हेच चाललं. तुम्ही माझ्यावरूनच कामाला जात होतात, तेव्हा तुमचं घोडं कुठे अडलं होतं?

या सहा वर्षांत काकूंची नजर मंदावत गेली. शेवटी शेवटी त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळायचं. तरी रोज अकराला त्या एकट्याच निघायच्या, पलीकडच्या रस्त्यावर राहणाऱ्या आपल्या थोरल्या बहिणीकडे. दोघी बहिणी तासभर बोलत बसायच्या, दिवसभरातलं तेवढंच काकूंचं स्वतःचं. घराचं फाटक, मग वीस पावलं, मग मी. माझ्यावर पाय ठेवला की मी करकरायची आणि काकू हळूच म्हणायच्या, "आहेस ना गं?" सगळ्या कॉलनीत माझ्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस.

यंदा एकदाचे पालिकेचे साहेब पाहणीला आले. माझ्यावर उभे राहिले, दोनदा उसळी मारून बघितली, "चांगली मजबूत आहे की!" म्हणाले आणि कागदावर लिहिलं, 'पर्यायी व्यवस्था उपलब्ध. कामाची निकड नाही.'

काकांनी ते दोनदा वाचलं. साहेब गेल्यावर ते कठड्याला टेकले. "म्हणजे माझ्याच फळीमुळे लादी येत नाही," ते म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मोडले असते तर केव्हाच लादी आली असती. मी टिकले, हाच माझा गुन्हा.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला उचललं आणि स्वतःच्या घराच्या भिंतीला टेकवून ठेवलं. फटीच्या तोंडाशी, जरा गल्लीत येईल अशी, एक लाल प्लास्टिकची खुर्ची आडवी लावली, तिच्यावर 'पुढे गटार उघडे आहे' अशी पाटी बांधली. मग काकूंचा हात धरून त्यांना चार वेळा तिथवर नेऊन आणलं.

"हाताला खुर्ची लागली की डावीकडे वळायचं. कठड्याला हात लावून थेट चौकापर्यंत. पंधरा दिवस कळ काढ. लोकांना वळसा पडू दे, मग बघ कसे पालिकेत धावतात."

"धावतील?" काकूंनी विचारलं.

"न धावून सांगतात कोणाला!"

कोणी धावलं नाही. चार दिवस तुम्ही चौकातून वळसे घातलेत आणि घरी येऊन बडबडलात, पालिकेच्या नावानं नाही, काकांच्या. "म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नाही." "स्वतःची फळी आहे म्हणून काय झालं?" पालिकेत एक साधा फोन कोणाला करावासा वाटला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी वकीलसाहेबांना गाडी वळवायला खुर्चीची अडचण झाली. त्यांनी खाली उतरून खुर्ची उचलली, आपल्या फाटकाशी ठेवली, गाडी वळवली आणि गेले. परत ठेवायचं राहून गेलं. असं त्यांनी नंतर सांगितलं, "राहून गेलं."

काका पालिकेत गेले होते. अकरा वाजता काकू निघाल्या. मी भिंतीला टेकून सगळं बघत होते. वीस पावलं झाल्यावर त्यांनी हात पुढे केला. खुर्ची लागेना. त्यांना वाटलं, आपलीच पावलं मोजायला चुकली. म्हणून त्या आणखी एक पाऊल पुढे गेल्या.

मला ओरडता आलं नाही. मी तिथे असते तर त्यांचा पाय माझ्यावर पडला असता, एवढंच मला कळत होतं.

नर्सबाईंनीच त्यांना वर काढलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. काकू वाचल्या, पण पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. त्यांची थोरली बहीण एकदा गाडीनं येऊन भेटून गेली. तिच्याच्यानंही आता येववत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही सगळे गल्लीत जमलात. मला वाटलं, आता तरी लादीचं बोलणार. तुम्ही म्हणालात, "फळी काढलीच कशाला?" वकीलसाहेबांनी तिथल्या तिथे अर्ज लिहिला, भाषा फार सुंदर होती. 'एका रहिवाशाच्या हेकेखोरपणामुळे निर्माण झालेला धोका दूर करून फळी त्वरित पूर्ववत बसवावी.' तासाभरात बेचाळीस सह्या झाल्या. नर्सबाईंकडे कागद आला तेव्हा त्यांनी सेक्रेटरींना विचारलं, "सहा वर्षं हे पेन कुठे होतं हो तुमचं?" आणि कागद तसाच परत दिला.

बेचाळीस सह्या बघून पालिका खडबडून जागी झाली. दुसऱ्याच दिवशी दोन कामगार आले. काकांच्या भिंतीपासून मला उचललं, त्यांना विचारलंही नाही. गटारावर टाकून चारी कोपऱ्यांत खिळे ठोकले, पिवळे-काळे पट्टे ओढले. आता कागदोपत्री मी फळी नाही, 'पादचारी पूल क्रमांक सात' आहे. माझ्यासोबत साहेब, सेक्रेटरी आणि वकीलसाहेब यांचा फोटोही निघाला. तिघेही हसत होते.

आता माझी अवस्था ऐका. वरून मी नवी नवरी दिसते. खालून सहा वर्षांच्या ओलीनं मी भुसभुशीत झाले आहे. डाव्या खिळ्यापासून एक चीर मधोमध आली आहे, रंगाखाली ती तुम्हाला दिसत नाही. काकांना ठाऊक आहे. एका सकाळी ते वाकून बसले, बोटानं मला दोन-तीन ठिकाणी ठोकलं, पोकळ आवाज ऐकला आणि हात पुसत उठले. कोणाला काही बोलले नाहीत. हल्ली ते चौकातून वळसा घालून जातात. गाड्या फुटपाथवर आहेत, दिवे दुपारी जळताहेत, कचरा डब्याबाहेर आहे. काका मान खाली घालून सगळ्याच्या बाजूनं निघून जातात. तुम्ही म्हणता, म्हातारा सुधारला.

गेल्या आठवड्यात नव्यानं राहायला आलेली एक पोर तान्ह्या बाळाची ढकलगाडी घेऊन माझ्यापाशी थबकली. समोरून काका येत होते.

"काका, तुम्ही इथले जुने ना? ही फळी पक्की आहे ना हो?"

काकांनी तोंड उघडलं. मला वाटलं, सुटले मी, आता अर्धा तास ऐकवतील तिला! पण त्यांनी माझ्याकडे बघितलं, वकीलसाहेबांच्या फाटकाकडे बघितलं.

"माझं त्यावर काही मत नाही, बाई," ते म्हणाले आणि चालू लागले.

तिनं गाडी माझ्यावर घातली. कशी पेलली, माझं मला माहीत. मला काकांचा फार राग आला. आणि गप्प बसणं त्यांना ज्यांनी शिकवलं त्या तुम्हा सगळ्यांचा त्याहून जास्त.

म्हणून एका लाकडाला बोलावं लागतंय. माझ्यात आता जीव उरलेला नाही. पुढचा पाय कोणाचा असेल आणि मी तो पेलेन की नाही, हे मी सांगू शकत नाही. मला उखडून फेका, लादी मागा, आणि ती येईपर्यंत चौकातून जा. दहा मिनिटं जास्त लागतील. तेवढ्याचा कंटाळा येत असेल, तर कोपऱ्यावरच्या घरात जा आणि काकूंच्या खाटेपाशी दहा मिनिटं बसून दाखवा.