भूगोलाच्या बाईंचं विमान

तळ हलका असलेली काठी घेऊ नकोस, असं मंदामावशींनी मला आधीच बजावलं होतं. ते मी कानाआड केलं. काठी म्हणजे जॉयस्टिक. कॉम्प्युटरवरच्या खेळात विमानाचं नाक वर-खाली करायला लागते ती. माझा विचार साधा होता. माझी मुलगी इरा नऊ वर्षांची, आमचं टेबल डगमगतं, जड वस्तू पडली तर तिच्याच पायावर पडणार. म्हणून मी हलकी, लाल दिव्यांची, दिसायला झकास अशी मागवली. पहिल्याच दिवशी इरानं विमान उचलायला काठी पोटाकडं ओढली. विमान धावपट्टीवरच राहिलं आणि काठी तळासकट हातात आली.

हेडफोनमधून मावशींनी विचारलं, "काय उडालं गं? विमान का काठी?"

आम्ही काटेवाडीला राहतो. माझा नवरा सौरभ बारामतीला डेअरीत कामाला आहे. बारामतीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं दिवसभर आमच्या डोक्यावरून घिरट्या घालतात. गावात कुणी मान वर करत नाही, पण इरा पाळण्यात होती तेव्हापासून मान वर करते. तिनं माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर विमानाचा खेळ सुरू केला तेव्हा की-बोर्डनं विमान असं धक्के खात जायचं, जसा ट्रॅक्टर नांगरटीच्या रानातून जातो. हा खेळ खेळणाऱ्या मराठी लोकांचा एक गट मला सापडला. तिथं मी विचारलं, मुलीसाठी परवडणारी जॉयस्टिक कोणती घ्यावी.

उत्तरं भरपूर आली. एकानं दुभत्या म्हशीच्या किमतीची सांगितली. एकानं लिहिलं की मुलींना हे खूळ चार दिवसांचं असतं, की-बोर्डवर भागवा. मंदाकिनी नावाच्या एका बाईंनी, म्हणजे याच मंदामावशींनी, मात्र उलट प्रश्न टाकला: पोरगी कुठल्या हातानं लिहिते?

मी दचकलेच. माझ्या मुलीची चौकशी करणारी ही कोण? मी त्यांचा फोन नंबर मागितला, नाव-गाव विचारलं, आणि आधी व्हिडिओवर तोंड दाखवा म्हणाले. त्यांनी दाखवलं. पिकलेले केस, जाड चष्मा, मागं भिंतीवर जगाचा नकाशा. म्हणाल्या, "विचारतेस ते बरं करतेस. असंच सगळ्यांना विचारत जा."

त्या निवृत्त शिक्षिका. हायस्कूलला भूगोल शिकवायच्या. भवानीनगरच्या पुढं, कॅनॉलजवळ त्यांचं उसाचं रान आहे आणि रानातच घर. यजमान वारले. मुलगा केशव पुण्याला नोकरीत.

इरा डावरी आहे, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी टेबलावर थाप मारली. बाजारातल्या बऱ्याच काठ्यांची मूठ उजव्या हातासाठी घडवलेली असते, अंगठ्याला खोबण असते ती डाव्या हाताला टोचते. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. दुकानाच्या पानावरही नव्हतं. तरी पहिल्या खेपेला मी दिव्यांना भुलले. ती काठी परत पाठवल्यावर मावशींनी मला फोनवर धरून बसवलं आणि आम्ही दोघींनी एकेक काठी बघायला घेतली.

त्यांची पद्धत मला फार आवडली. नाव कुणाचं, दिवे किती, बटणं किती, याकडं त्या ढुंकून बघत नव्हत्या. मूठ दोन्ही बाजूंनी सारखी आहे का? तळ जड आहे का, आणि खाली टेबलाला चिकटणारे रबरी पाय आहेत का? मूठ जागच्या जागी पिळली की विमानाचं शेपूट वळतं का? तसं असेल तर त्यासाठी पायाखाली वेगळी पेडलं घ्यावी लागत नाहीत. शेवटी, आत घासणारा भाग आहे का चुंबक? घासणारा भाग झिजतो, मग काठी सरळ धरली तरी विमान आपलं आपण थरथरतं. चुंबक घासतच नाही. असं करत करत एक काळी, ठोकळ्यासारखी काठी उरली. तिची किंमत इराच्या सायकलीपेक्षा कमी होती. इरा म्हणाली, ही तर मिक्सरसारखी दिसते. मावशी म्हणाल्या, मग मिक्सरला कधी गचका देताना बघितलंस?

त्या काठीनं इरा पहिल्यांदा वर गेली. खाली नीरा नदी दिसली तेव्हा ती माझा हात धरून बसली.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी दुपारी दोघी बरोबर उडायला लागल्या. हेडफोनचा एक गोळा इराच्या कानात, एक माझ्या. सौरभ मला हसायचा, तू तर विमानातसुद्धा पोरीच्या मागच्या सीटवर बसतेस. पण मी काही नुसती पहारा द्यायला बसत नव्हते. मला ऐकायचं असायचं. ढगांच्या वरून मावशी सांगायच्या की हा कऱ्हेचा खळगा, हे पुरंदरचे डोंगर, बघ पाऊस इकडं का अडतो. एवढी वर्षं फळ्यावर खडूनं काढलेलं सगळं त्या आता वरून बघत होत्या. एकदा म्हणाल्या, "मी पोरांना सांगायचे, सह्याद्री म्हंजी भिंत. न्हाय गं. ती पायरी हाय. आपण पायरीवर राहतो." वर्गात नीट प्रमाण बोलत असतील, पण विमानात बसल्या की रानातलीच भाषा.

त्यांच्याकडं मी बघत राहायचे. मी बी.एस्सी. झाले, घरात कांदा चिरताना इरा विळीजवळ आली तरी मी तिला लांब पिटाळते. ही बाई एकटी रानात राहते, साप बघते, उसाला पाणी देते, आणि उरलेल्या वेळात कोकण उतरते.

एकच गोष्ट त्यांना खुपायची. केशवनं त्यांना बजावून ठेवलं होतं की आई, एकदा जरी तू पडलीस-झडलीस असं कानावर आलं, तर रान वाट्यानं देऊन तुला पुण्याला घेऊन जाईन. पुण्याला त्याचा फ्लॅट आहे, सून चांगली आहे, खोलीही ठेवलीय. मावशी म्हणायच्या की सगळं खरं, पण त्या खोलीच्या खिडकीतनं दुसऱ्याची खिडकी दिसते. त्यामुळं त्या खोकला झाला तरी कुणाला सांगत नसत. त्यांना त्या घरात, त्या रानात राहायचं होतं, एवढंच.

आता थ्री-फेजचं सांगायला हवं. शेताची मोटर ज्या विजेवर चालते ती एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. मावशींच्या भिंतीवर एक छोटा बल्ब होता, तो पेटला की थ्री-फेज आली. मग उडता उडता त्या म्हणायच्या, "खाली जाते गं." विमानाचं नाक पश्चिमेला, उंची घाटाच्या वर, ऑटोपायलटवर टाकून त्या विहिरीवर जायच्या, मोटर लावायच्या, एखाद्या सरीत पाणी वळवायच्या आणि यायच्या. मी म्हणाले, वीज आली की मोटर आपोआप चालू होईल असं यंत्र लावून घ्या ना. तर म्हणे पाणी कुठं फुटलं ते यंत्र बघणार हाय का? विमान भोरच्या अलीकडं असतानाच त्यांचा आवाज यायचा: "वर आले."

जानेवारीतल्या एका रविवारी त्या खाली गेल्या. इरा त्यांच्या पंखाला पंख लावून चालली होती. भोर आलं, मागं पडलं.

"आई, मावशी घाट ओलांडतायत," इरा म्हणाली. "खाली गेल्यावर त्यांचं विमान कधी घाट ओलांडत नाही."

कानात त्यांच्या खोलीचा आवाज येत होता, इंजिनाची घरघर आणि पंख्याची करकर. मी हाक मारली. मग मोबाईल लावला. इकडं माझ्या फोनवर रिंग जात होती, आणि तिकडं त्यांचा फोन खोलीत वाजलेला मला हेडफोनमधून ऐकू येत होता. म्हणजे त्या फोन न घेताच गेल्या होत्या.

मी सौरभला फोन केला. तो म्हणाला की मोटर बिघडली असेल, त्या दुरुस्त करत असतील, तू इराला शिंक आली तरी डॉक्टर गाठतेस. ते खरंही आहे. पडद्यावर महाड गेलं. पुढं श्रीवर्धन, आणि मग नुसतं निळं. इरा म्हणाली, मावशी समुद्रावर गेल्या. मी तिला गाडीवर बसवलं आणि निघाले.

उसाच्या दिवसांत त्या रस्त्यावर मी इराला कधीच नेत नाही. जोड-ट्रॉल्यांची रांग असते, उसाची टोकं अंगावर येतात. त्या दिवशी मी गेले. भवानीनगरला चहाच्या टपरीवर विचारलं. तिथला एकजण म्हणाला, "भूगोलाच्या बाई व्हय? त्या ऊससुद्धा विमानानंच कारखान्यावर आणणार हायत." दुसऱ्यानं मात्र माझं तोंड बघितलं आणि कॅनॉलच्या कडेची वाट नीट सांगितली.

दार उघडं होतं. आत कॉम्प्युटरवर समुद्र चालला होता. इराला पायरीवर बसवलं, हलायचं नाही म्हणाले, आणि बांधावरून हाका मारत गेले. पाणी बांधाच्या वरून वाहत होतं. उसातून आवाज आला, अगदी वर्गात हजेरी घ्यावी तसा.

"आलीस? आधी मोटर बंद कर. रान बुडालं सगळं."

त्या सरीत बसल्या होत्या, कमरेपर्यंत पाण्यात. पाऊल नको तिकडं वळलेलं. ओठ थंडीनं निळे पडलेले. मी त्यांना धरायला वाकले, तर म्हणाल्या की मला ओढलंस तर तूही पडशील, पेटीकडं जा. मोटरच्या पेटीला मी जन्मात हात लावला नव्हता. पाय चिखलात, हात ओले. त्यांनी उसातूनच सांगितलं की हात पूस, पदर कोरडा असेल तर पदराला, आणि तिथं फळी हाय तिच्यावर उभी राहा, मग लाल बटण. ओढणी होती, तीच वापरली. बटण दाबलं. मोटर थांबली.

शेजारच्या रानातला बिरदेव माझ्या हाका ऐकून धावत आला. त्यानं त्यांना पाठकुळी घेतलं. पायरीवर इरा बसलेली बघून मावशींनी पहिलं विचारलं, "माझं विमान कुठं गेलं गं?"

"समुद्रावर," इरा म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता.

"मग बरं. तिकडं मी अजून गेले नव्हते."

बिरदेवनं आणलेल्या गाडीतून बारामतीला दवाखान्यात जाताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "केशवला कळवू नकोस. तुला हात जोडते."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी इराकडं बघत बसले. उद्या मी अशी पडले आणि कुणी तिच्यापासून लपवलं तर? मी केशवरावांना फोन केला, आणि आत जाऊन मावशींना सांगितलंही की केला. त्या भिंतीकडं तोंड करून झोपल्या.

केशवराव संध्याकाळी आले. चिडलेले नव्हते, घाबरलेले होते. ते म्हणाले, आता चल. मावशी म्हणाल्या, पुण्याला पडले असते तर बाथरूमात पडले असते, हितं पडले तर निदान ऊस भिजला. "भिजला नाही आई, बुडाला," ते म्हणाले, आणि मग दोघंही हसले. हसता हसता केशवराव रडायला लागले.

तेव्हा मी बोलले. एरवी परक्यांच्या घरच्या गोष्टीत मी बोलत नाही. मी म्हणाले, "त्या एकट्या नव्हत्या. नाहीतर मला कळलंच नसतं."

केशवरावांनी मला सगळं परत परत सांगायला लावलं, घाट, फोनचा आवाज, समुद्र. मग त्यांनी आईच्या पायाच्या प्लास्टरवर हात ठेवला. शेवटी म्हणाले, राहा. पण खाली गेलीस की वर आल्याचं कुणाला तरी सांगायचं, आणि फोन कमरेला. आवाज आला नाही तर त्यानं बिरदेवला कळवायचं. मावशींनी मान हलवली. माझ्याशी मात्र त्या पुढच्या रविवारपर्यंत बोलल्या नाहीत. मग हेडफोनमधून आवाज आला, प्लास्टरचा पाय स्टुलावर आहे, पेडलं घेतली असती तर आज उडायचं सोडून बसले असते खिडकीत. इरानं लगेच विमान सुरू केलं.

प्लास्टर निघालं. ऊस कारखान्यावर गेला, त्याच बुडख्यांतून फुटणारा खोडवा राखलाय, त्यालाही पाणी लागतंच. आता मे महिन्यात मी इराला घेऊन माझ्या आईकडं चाललेय. तिथं कॉम्प्युटर नाही. मावशी म्हणतात खुशाल जा, मी काय रोज पडते काय. माझा जीव मात्र थाऱ्यावर नाही, म्हणून आपल्या खेळाच्या गटात हे लिहितेय.

तुमच्यापैकी कुणी दुपारचं बारामतीहून उडत असाल आणि एक छोटं पांढरं विमान भोरच्या पुढं सरळ पश्चिमेला निघालेलं दिसलं, तर त्याला हाक मारा. उत्तर आलं तर बोलणी बसतील, ती ऐकून घ्या. उत्तर आलं नाही तर बिरदेवला फोन करा, त्याचा नंबर गटात सगळ्यात वर ठेवलाय. समुद्र यायची वाट बघू नका.