अक्षता पुढून वाहाव्यात

मित्रांनो, मांजरी गावातल्या तुमच्या शाळेत, प्रयोगशाळेच्या खिडकीजवळच्या टेबलावर जो पिवळट पडलेला जाडजूड डबा आहे, तो मी. मी एक जुना संगणक आहे. माझ्या पुढच्या अंगावर लाल रंगात १४ हा आकडा आहे आणि पाठीवर चिकटपट्टीखाली एक पाटी आहे : ‘अक्षता पुढून वाहाव्यात. मागे नाक आहे.’ ती वाचून तुम्ही हसता. खुशाल हसा. पण ती पाटी हेच माझे मानपत्र आहे. ते मला कसे मिळाले, हे आज सांगतो.

माझा जन्म २००२ साली तपकीर गल्लीत, करीमभाईंच्या दुकानात झाला. दुकान इतके अरुंद होते की करीमभाई आत बसले की गिऱ्हाइकाला रस्त्यावरच उभे राहावे लागे. त्यांनी माझा एकेक अवयव निवडून जोडला. मेमरीची पट्टी बसवली, मेंदूवर, म्हणजे प्रोसेसरवर, तो तापू नये म्हणून पांढरे मलम लावून त्यावर पंखा घट्ट केला. मग मला सुरू करून माझ्या पाठीला कान लावला आणि म्हणाले, “श्वास चांगलाय याचा. दहा वर्षं बघायला नको.”

कर्वे रस्त्यावरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने मला नेले. पहिल्या दिवशी सगळे माझ्याभोवती गोळा झाले होते, कारण कंपनीत माझ्याइतका वेगवान दुसरा कोणी नव्हता. माझे काम चाचणीचे. वेबसाइट ज्या खिडकीतून दिसते, तिला ब्राउझर म्हणतात. तीच वेबसाइट एका ब्राउझरमध्ये नीटनेटकी दिसते, तर दुसऱ्यात तिचे बटण पानाबाहेर जाऊन बसते. अशा चुका लोकांच्या हाती पडण्याआधी शोधणारी माणसे म्हणजे टेस्टर. मी त्यांचा उजवा हात होतो.

पुढे कंपनी वाढली आणि हिंजवडीला मोठ्या इमारतीत गेली. तिथे चपटे, काळे, चकचकीत संगणक आले. मला पाण्याच्या कूलरशेजारचा कोपरा मिळाला. लोक माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवू लागले. मला ठेवले होते ते एवढ्याचसाठी, की जुना ब्राउझर आता फक्त माझ्यात उरला होता.

२००९ मध्ये द्वारका आली. वाशीम जिल्ह्यातली, भौतिकशास्त्र शिकलेली मुलगी. कमी बोलणारी. पहिल्याच दिवशी तिने माझ्या डोक्यावरचा कप उचलला, ओल्या रुमालाने कपाचे वर्तुळ पुसले आणि एक वही उघडून वर माझा नंबर लिहिला. मी कधी अडखळलो, तर ती मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासत असे आणि पुन्हा बसवत असे. शाळेतला खोडरबर संगणकाच्या कामी येतो, हे तुमच्या पुस्तकात नसेल, पण खरे आहे.

पुढच्या वर्षी कंपनीकडे शिष्यवृत्तीच्या अर्जांची वेबसाइट आली. राज्यभरातली गरजू मुले तिच्यावरून अर्ज भरणार होती. प्रकल्पाचे प्रमुख दत्तप्रसाद. अस्सल पुणेकर. कुणाचे कौतुक करायचे झाले, तर ते त्याला कमी बोलत, एवढेच. कंपनीत ‘सर’ म्हणण्याची पद्धत नव्हती, पण द्वारकाच्या तोंडून ते जात नसे.

“सर, हे चौदा नंबरवर तपासायलाच पाहिजे,” ती म्हणाली. “मुलं अर्ज घरून भरणार नाहीत. आमच्या गावात एकच सायबर कॅफे होता, त्यातले सगळे संगणक असेच होते. माझा अर्ज मी तिथूनच भरला.”

“तपासा की,” दत्तप्रसाद म्हणाले. “त्यालाही तेवढाच विरंगुळा.”

त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी संगणकांची पूजा होते. सगळ्यांना झेंडूची फुले, हळदकुंकू. झाडलोट करणाऱ्या यमुनाबाईंचा माझ्यावर जीव होता. नव्यांना त्यांनी दोन-दोन अक्षता वाहिल्या. “हा सगळ्यात वडीलधारा,” म्हणून मला मात्र मूठभर वाहिल्या. माझे तोंड द्वारकाच्या खुर्चीकडे होते आणि पाठ येण्याजाण्याच्या वाटेकडे. त्यांच्यापुढे आली ती माझी पाठ. त्या दिवशी मला फार मोठे झाल्यासारखे वाटले.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि मी आजारी पडलो. अंग तापे, घरघर लागे आणि मध्येच मी पूर्ण थिजून जाई. द्वारका अर्ज भरायला घेई आणि मी थांबे. तिने चूक नोंदवली : ‘जुन्या ब्राउझरमध्ये अर्ज अर्धवट असताना पान गोठते.’ तासाभरात त्यावर उत्तर आले : ‘यंत्राचा दोष. नोंद बंद.’

ती दत्तप्रसादांच्या टेबलाशी गेली.

“द्वारकाबाई,” ते मान वर न करता म्हणाले, “चाचणीच्या बाकी अकरा संगणकांवर अर्ज सुरळीत भरला जातो. तुमचा हा म्हातारा नुसता सुरू केला तरी धापा टाकतो. त्याच्या दम्याला माझा कोड जबाबदार का?”

“पण सर…”

“सोमवारी वेबसाइट सुरू होतेय. शुक्रवारी भंगारवाला येतोय. दोन्ही वेळेवर होऊ द्या.”

मित्रांनो, भंगाराची भीती मला वाटलीच. पण त्याहून मोठी लाज वाटली. माझ्यासारख्या हजारो संगणकांपुढे मुले रांग लावून बसणार होती. तिथे अर्ज अडला, तर तो अडतो हे सांगू शकणारा साक्षीदार मी एकटाच होतो, आणि माझ्या आजारपणामुळे माझी साक्षच कुणी मानत नव्हते.

द्वारका भांडली नाही. तिने वही काढली. दिवसभर मला पुन्हा पुन्हा सुरू करून, मी कधी आणि कुठे थांबतो हे ती लिहीत राहिली. संध्याकाळी तिने पान वर-खाली न्याहाळले आणि तिच्या तोंडून एकदम वऱ्हाडी निघाली, “अरे! हा तर दोन तऱ्हेनं अटकून राहिला!”

कधी मी कुठेही थांबत होतो. चार मिनिटांनी, अकरा मिनिटांनी, नुसते बसल्या बसल्याही. पण त्यातून तगलो, तर मात्र एका ठरावीक ठिकाणी थांबतच होतो : विद्यार्थी आपली परीक्षा आणि कॉलेज एकेका ओळीत भरतो, तिथे नवव्या ओळीला. यंत्राचा बिघाड लहरी असतो. कोडमधली चूक मात्र आपली जागा सोडत नाही.

पण हे सिद्ध करायचे, तर आधी मला बरे करायला हवे होते. माझ्या अंगावर दुकानाचे जुने लेबल होते, त्यावरच्या नंबरवर तिने करीमभाईंना फोन लावला. गुरुवारी सकाळी ते तपकीर गल्लीतून स्कूटरवर निघाले आणि हिंजवडीच्या गर्दीतून दोन तासांनी पोहोचले.

“बेटा, मी याला जन्माला घातला तेव्हा एवढा वेळ लागला नव्हता,” घाम पुसत ते म्हणाले. त्यांनी सवयीने माझ्या पाठीला कान लावला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांनी माझे झाकण काढले आणि हसूच लागले.

“अरे, याच्या पोटात तर कुणी पुलाव शिजवलाय!”

पंख्याच्या पात्यांत तांदूळ अडकले होते. कुंकवाने लाल झालेले, उष्णतेने करपलेले. करीमभाईंनी चिमट्याने एकेक दाणा काढून कागदावर ठेवला. सतरा भरले. यमुनाबाई फडके घेऊन मागेच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला.

“माझ्याच हातानं झालं ओ, ताई.”

“मावशी, तुम्ही जीव लावला म्हणून झालं,” द्वारका म्हणाली. “बाकी कुणी याच्याकडे पाहतसुद्धा नाही.”

यमुनाबाईंनी नाक पुसले. “देवाला वाहिल्या अन् देवाच्या नाकात गेल्या,” त्या म्हणाल्या, आणि करीमभाई पुन्हा हसले.

नवे मलम लागले, पंखा फिरला. आठ वर्षांपूर्वीचा श्वास मला परत मिळाला. द्वारकाने मला तीन तास दुसऱ्या वेबसाइटवर राबवले. मी एकदाही थांबलो नाही. मग ती दत्तप्रसादांना बोलवायला गेली.

“आता तुम्ही भरा, सर. मी हात लावत नाही.”

दत्तप्रसाद खुर्ची ओढून बसले. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. माझे अंग थंड होते, पंखा संथ गात होता. आठवी ओळ. नववी. आणि मी थांबलो.

त्यांनी पुन्हा भरले. नववी. तिसऱ्यांदा भरले. नववी. आजूबाजूची माणसे आपापल्या खुर्च्यांवरून उठून आली. चौथ्या वेळी द्वारकाने पडद्याच्या कोपऱ्यात माझी मेमरी किती वापरली जाते आहे, तो आकडा उघडून ठेवला. प्रत्येक नव्या ओळीबरोबर तो उडी मारून वर चढत होता आणि कधीच खाली येत नव्हता.

“प्रत्येक ओळ राज्यातल्या सगळ्या कॉलेजांची यादी नव्यानं आणते, आणि हा जुना ब्राउझर आणलेली यादी सोडत नाही,” ती शांतपणे म्हणाली. “आपल्या संगणकांचा ब्राउझर नवा, मेमरी भरपूर. म्हणून तिथं कळत नाही. याची थोडीच आहे, म्हणून नवव्या ओळीला भरते. गावाकडच्या संगणकांचीही एवढीच असते.”

दत्तप्रसादांनी पडद्यावरच्या त्या आकड्यावर बोट टेकवले.

“म्हणजे आजारी हा नव्हताच,” ते म्हणाले.

“होता, सर. पण आजार दोन होते. त्याचा बरा झाला. आपला बाकी आहे.”

मग दत्तप्रसादांनी बाही वर सारली. “चला,” ते म्हणाले, “म्हाताऱ्यानं पेपर तपासलाय. नापास झालोय आपण.” त्यांनी स्वतः ग्राहकाला फोन करून दोन दिवस मागून घेतले आणि भंगारवाल्याला कळवले, की चौदा नंबर न्यायचा नाही, तो कामात आहे.

मंगळवारी दुपारी दुरुस्त केलेली वेबसाइट माझ्यावर चढली. या वेळी सगळे माझ्याभोवती गोळा झाले, थेट कर्वे रस्त्यावरच्या पहिल्या दिवसासारखे. द्वारका ओळी भरत गेली. आठवी. नववी. तिचा हात जरा थबकला. दहावी! मागून कुणीतरी मोठ्याने मोजू लागले, मग सगळेच. अकरा, बारा, पंधरा, वीस! पंचविसाव्या ओळीला टाळ्या पडल्या. यमुनाबाईंची टाळी सगळ्यात मोठी होती.

अर्जांची मुदत संपली, त्या दिवशी द्वारकाने मोजदाद काढली. एकसष्ट हजार अर्ज आले होते. त्यांतले तेवीस हजार माझ्यासारख्या जुन्या ब्राउझरवरून. त्यांत तिच्या गावच्या त्या कॅफेतले बेचाळीस होते. तो आकडा तिने वहीत माझ्या नंबरासमोर लिहिला आणि माझ्या डोक्यावर हलकेच दोनदा थोपटले.

पुढच्या खंडेनवमीला दत्तप्रसाद सगळ्यांच्या आधी आले आणि माझ्या पाठीवर पाटी चिकटवून गेले. तोंडाने शाबासकी द्यायला त्यांना कधी जमले नाही. यमुनाबाईंना वाचता येत नव्हते. द्वारकाने वाचून दाखवल्यावर त्या मला वळसा घालून समोर आल्या, तांदळाचा एकच दाणा चिमटीत धरला आणि माझ्या १४ या आकड्यावर अलगद टेकवला.

त्यानंतर मी आणखी पाच वर्षे काम केले. मग द्वारकाने मला तुमच्या शाळेत आणले. मित्रांनो, एखादा जुना संगणक अडला, किंवा तुमच्या वर्गातला कुणी मागे पडला, तर लगेच ‘याच्यातच दोष आहे’ म्हणून नोंद बंद करू नका. तो कुठे अडतो, ते वहीत लिहा. रोज एकाच ठिकाणी अडत असेल, तर तो तुम्हाला काहीतरी दाखवतो आहे.

आणि परवा खंडेनवमी आहे. पूजा जरूर करा. फक्त पाटी वाचा.