पंचाहत्तर किलो वाळू

ताईचा कुणाच्याही आकड्यावर विश्वास नव्हता. गाड्यांच्या वायरिंगची कामं करता करता केस पांढरे झालेली बाई ती. लग्न जमवताना सांगितलेला पगार आणि बॅटरीच्या लेबलवरचा आकडा, दोन्हींतून थोडं वजा करूनच धरावं, असं ती बॅटरीवाल्याच्या तोंडावर म्हणायची. तो हसायचा. ताईसमोर दुसरं काही करण्यासारखं नसायचंच.

त्या दिवशी त्याने काउंटरवर चार बॅटऱ्या मांडल्या होत्या आणि ताई भाजी घेतल्यासारखी एकेक उचलून हातात तोलत होती.

"ही न्या, लिथियमची," बॅटरीवाला म्हणाला. "चार किलो भरते. तुमची जुनी सतराची. तेरा किलो उतरले की गाडी उडत जाईल बघा."

"उडायला नकोय मला, चालू राहायला हवीय. वळणावर बंद पडली तर मागचा येऊन आदळेल. आत माझा भाऊ असतो."

"अहो ताई, कंपनीची गॅरंटी आहे."

"गॅरंटी बसते का गाडीत? बसत असेल तर दे, तिलाच पाठवते शर्यतीला."

शेवटी तिने दोन बॅटऱ्या तपासायला म्हणून उचलल्या, आणि यातली एक परत येणार, असं बजावून निघाली.

भावाचं नाव ढब्बू. पाळण्यात असताना गुबगुबीत होता म्हणून पडलेलं नाव. चाळिशी आली तरी ते सुटलं नव्हतं. आई गेली तेव्हा तो शाळेत होता आणि ताईने त्याला वाढवला होता. आता तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. आठवडाभर मुंगीच्या पावलांनी गाडी चालवणाऱ्या घाबरट लोकांच्या शेजारी बसायचा, आणि सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर जाऊन आठवडाभराचा राग काढायचा. शर्यतीची गाडी दोघांनी मिळून सोलली होती. मागची सीट, गालिचा, दारांची अस्तरं, सगळं काढून टाकलं होतं. तरी आजवर चौथ्याच्या वर नंबर आला नव्हता.

मग ते ऑपरेशन झालं. पोटात गाठ होती. ताईला इस्पितळाचा वास सहन व्हायचा नाही. डॉक्टर बोलायला आले तेव्हा ती बाहेर बाकावरच बसून राहिली. ढब्बू शुद्धीवर येऊन म्हणाला, "काढली, संपलं." ताईला तेवढंच ऐकायचं होतं. तिने पुढे एक प्रश्न विचारला नाही.

ऑपरेशननंतर तो उतरला होता, ते दिसत होतंच. पण हळूहळू भरतंय म्हणाला. दाढी वाढवली. ताईने त्यावरून त्याची यथेच्छ टर उडवली. दुपारी तो तिच्या वर्कशॉपवर जेवायला यायचा, डबा घेऊन मागच्या अंगणात उन्हात बसायचा आणि चाटूनपुसून परत आणून द्यायचा. वर्कशॉपचं कुत्रं त्याच्या पायाशी बसलेलं असायचं. कुत्रं अलीकडे चांगलंच सुटलं होतं.

तक्रार एकच होती. "ताई, गाडी जड झालीय गं."

"जड व्हायला गाडीने काय बाळसं धरलंय?"

"खरंच. स्टिअरिंग जड लागतं. ब्रेकवर उभं राहावं लागतं."

ताईने चाकं तपासली, ब्रेक उघडले, टायरची हवा पाहिली. कशातच काही सापडेना. गाडी होती तशी होती. पण ढब्बू ऐकायला तयार नव्हता. वजन कमी कर, वजन कमी कर, हा त्याचा धोशा. आणि काढण्यासारखं उरलं होतं काय, तर बॅटरी.

म्हणून हे दोन नमुने. पहाटेच्या गारठ्यात ताईने पहिली बॅटरी लावली आणि लागोपाठ इंजिन चालू-बंद करत राहिली. सहाव्या खेपेला सगळं एकदम गप्प. दिवाही लागेना. या हलक्या बॅटऱ्यांच्या पोटात एक सर्किट असतं. ताकद ठरावीक रेषेखाली गेली की ते स्वतःच बॅटरी तोडून टाकतं. ताईने ती बॅटरी तिथल्या तिथे बाजूला काढली.

"जुनी मरायच्या आधी चार दिवस कण्हते तरी," ती ढब्बूला म्हणाली. "दिवे मंद होतात, स्टार्टर कुंथतो, माणसाला कळतं. ही मेली तोंडातून शब्द काढत नाही. असली न सांगता जाणारी वस्तू मला नको."

ढब्बू पान्याशी खेळत होता. "दुसरी लावून बघ," म्हणाला.

दुसरी टिकली. जरा मोठी होती, पण वजन तेवढंच. ताईने तिला गारठ्यात छळलं, उन्हात छळलं, चार्जिंग किती येतंय ते मोजलं, इंजिनाच्या उष्णतेपासून लांब, चालकाच्या शेजारच्या मोकळ्या जागेत रबरावर बसवून पट्ट्याने आवळली. मग स्वतः गाडी हलवून हलवून पाहिली. या एका बाबतीत तरी तिला आता खात्री होती. गाडी वळणावर बंद पडणार नव्हती.

उरलं वजन. शर्यतीचा नियम असा की शेवटी गाडी आणि चालक मिळून ठरलेल्या किमान वजनाच्या खाली भरता कामा नये. भरले तर नंबर रद्द. त्यामुळे चार चाकांखाली चार काटे ठेवून गाडी मोजताना चालक आत बसलेला लागतो. ढब्बूला मात्र त्या दिवशी वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता.

"शिकाऊ बाई येऊन थांबल्यात," फोनवर म्हणाला. "माझ्याऐवजी वाळूची पोती ठेव ना. पंचाहत्तर धर."

ताईने पंचाहत्तर किलो वाळू मोजली, पोत्यांत भरली, सीटवर बसवली आणि पट्टाही लावला. पेट्रोल शेवटी जेमतेम उरेल तेवढंच ठेवलं. काटे पाहिले. नियमापेक्षा पाच किलो वर. झकास. दुनियेच्या प्रत्येक आकड्यातून वजा करणारी ताई, पण घरच्या माणसाच्या आकड्यातून कोण वजा करतं?

शर्यतीच्या दिवशी ढब्बूने जीव ओतला. ताई जाळीला नाक लावून उभी होती. शेवटच्या फेरीत एक गाडी घसरून कडेला गेली आणि ढब्बू तिसरा आला. तिसरा! ताईने शेजारच्या अनोळखी माणसाच्या पाठीत असा गुद्दा घातला की बिचारा दोन पावलं पुढे गेला. बॅटरीने एकदाही दगा दिला नव्हता.

पहिल्या तिघांच्या गाड्या वजनाला लागल्या. ढब्बू आतच बसला होता, हेल्मेट डोक्यावर, हात मांडीवर. तपासनीस काट्यापाशी वाकला, मग पुन्हा वाकला.

"अकरा किलो कमी आहे," तो म्हणाला.

"शक्य नाही," ताई म्हणाली.

"काटा सांगतोय, बाई."

"तुमचा काटा बिघडलाय."

"आधीच्या दोन गाड्या याच काट्यावर बरोबर भरल्या."

ताई गाडीभोवती फिरली. काही गळून पडलंय का म्हणून खाली वाकून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. पेट्रोलही हवं तेवढं होतं.

"ताई, राहू दे ना," ढब्बू आतून म्हणाला. "गेला नंबर तर गेला. चल घरी."

"गेला कसा? मी मोजलीय गाडी!"

"चूक झाली म्हणायचं. सही करतो मी."

"तुझी सही गेली खड्ड्यात. माझ्या हातचं वजन चुकत नाही." मोडेन पण वाकणार नाही, हा ताईचा जन्माचा बाणा. ती तपासनिसाकडे वळली. "साहेब, याला उतरवा आणि नुसती गाडी मोजा. माझा आकडा मी आधीच सांगून ठेवते, मग बघा काय निघतं ते."

"ताई, नको ना."

"उतर म्हणते ना!"

ढब्बू उतरला. उतरताना त्याने दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरलं होतं. तपासनिसाने नुसती गाडी मोजली. ताईने सांगितला तोच आकडा आला, किलोचाही फरक नाही.

"तुमची गाडी अगदी बरोबर आहे, बाई," तपासनीस म्हणाला. मग तो ढब्बूकडे बघायला लागला, आणि लगेच नजर फिरवून दुसऱ्या कामाला लागला. भला माणूस असावा.

पाच वर हवे होते ते अकरा खाली. म्हणजे सोळा. ताईला हिशेब करायचा नव्हता, पण तो आपोआप झाला. गाडी बरोबर होती, म्हणजे सोळा किलो सीटवरून गेले होते. ती ढब्बूसमोर गेली आणि शर्यतीच्या पोशाखाची चेन तिने स्वतः खाली ओढली, लहानपणी ओढायची तशी. आत स्वेटर होता. स्वेटरच्या आत आणखी एक स्वेटर होता. त्याच्या आत हात गेला तेव्हा बरगड्या लागल्या.

"डबा?" तिने विचारलं.

"कुत्र्याला. गिळवत नाही गं."

"गाठ काढली म्हणालास."

"उघडलं, बघितलं आणि तसंच शिवलं. सगळीकडे पसरलंय म्हणाले डॉक्टर. काढण्यासारखं काही नाही म्हणाले."

गाडी जड झाली नव्हती. त्याच्या हातांत फिरवायची आणि पायांत दाबायची ताकद उरली नव्हती, आणि ताई इकडे वळणावर बंद पडणार नाही अशी बॅटरी शोधत हिंडत होती. तिला राग आला. त्याचा आला, डॉक्टरांचा आला, कुत्र्याचासुद्धा आला. पण सगळ्यांत जास्त त्या बाकावर बसून राहिलेल्या बाईचा आला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू गाडी विकली असतीस."

खरं होतं. त्याच दिवशी विकली असती.

घरी येताना ट्रक तिनेच चालवला. मागे गाडी बांधलेली होती. ढब्बू खिडकीला डोकं टेकून बसला होता. आता लपवण्यासारखं काही नव्हतं म्हणून असेल, त्याने स्वेटर काढून मांडीवर घेतले होते. तेवढ्यानेही तो निम्मा झाल्यासारखा दिसत होता.

"पुढची शर्यत दीड महिन्यावर आहे," तो म्हणाला. "जुनी बॅटरी लाव परत. तेरा किलो वाढतील. आज अकरा कमी होते. भरेल वजन."

ताईने गिअर बदलला.

"मला एकदा निकालाच्या पाटीवर नाव बघायचंय गं. चौथ्याच्या वर. आज लागलं असतं."

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं होतं. त्याला घरी झोपवायचं, दुसरे डॉक्टर गाठायचे, चमच्याचमच्याने भरवायचं, असं सगळं तोंडाशी आलं होतं. पण तिने त्याच्याकडे पाहिलं आणि यातलं काहीही आता लागू पडणार नाही हे तिला कळलं. ते त्याला केव्हाच कळलेलं होतं.

वर्कशॉपवर पोचल्यावर कुत्रं शेपूट हलवत पुढे आलं. ढब्बू सवयीने त्याच्यापाशी बसला. ताईने नवी बॅटरी सोडवून फळीवर ठेवली, कोपऱ्यातली जुनी दोन्ही हातांनी उचलून आणली आणि चार्जिंगला लावली. मग शिशाच्या लाद्या काढल्या. वजन कमी भरत असेल तर त्या गाडीच्या तळाला बोल्टने ठोकायला नियमाची परवानगी असते. आजवर तिला त्यांची गरज पडली नव्हती. तिने ड्रिल हातात घेतलं.

"दीड महिन्याने," ती म्हणाली, "तुझं किती धरू?"

ढब्बूने कुत्र्याच्या पाठीवरचा हात थांबवला. त्याने पहिल्यांदाच खरा विचार करून उत्तर दिलं.

"पन्नास धर."

ताईने खडूने तळावर भोकांच्या खुणा केल्या.

"नको," तो म्हणाला. "अजून कमी धर."

तिने आणखी एका लादीच्या खुणा केल्या, आणि तो पुन्हा काही म्हणायच्या आत ड्रिल चालू केलं.