पाच वर्षांची आखणी

गिरिजानं बी.ए.ला जायचं म्हटलं तेव्हा घरात कुणी आडवं आलं नाही. खरं म्हणजे तिला तिथंच शंका यायला हवी होती. एरवी त्या घरात पोरीला जालन्याला जाऊन चप्पल घ्यायची म्हटलं तरी चार माणसं विचारात पडायची.

राजूरपासून थोडं आत त्यांचं गाव. धर्मराज, म्हणजे गिरिजाचा बाप, गावातलं वजनदार माणूस. बऱ्यापैकी जमीन, न आटणारी विहीर, बियाणे कंपनीसाठी लावलेले कपाशीचे सीड प्लॉट. पारावर तो बोलायला लागला की बाकीच्यांनी तंबाखू मळत ऐकून घ्यायचं. गिरिजा बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि त्याच उन्हाळ्यात तिच्या आईनं अंथरूण धरलं. पुढची तीन वर्षं गिरिजाची आईच्या उशापायथ्याशी गेली. आई गेली तेव्हा पोरगी एकवीस पूर्ण करून बसली होती. वर्ष सरायच्या आत तिला उजवून टाका, असं भावकीनं धर्मराजला सांगितलं आणि त्यानं मान डोलावली.

तेवढ्यात २००५ च्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं.

धर्मराजच्या घरात खुर्चीवर बसवण्याजोगी बाई म्हणजे सून. पण दोन पोरींच्या पाठीवर तिला मुलगा झाला होता, आणि नव्या कायद्यानं तिसरं मूल झालेल्या माणसाला निवडणुकीला उभं राहता येत नव्हतं. राजूरच्या गणपतीला नवस बोलून झालेलं पोर, म्हणून नाव गजानन. अख्खं घर त्याला खाली पाय ठेवू देत नसे. नातू पाहिजे होता तो मिळाला, पण त्यापायी सूनबाईची खुर्ची हुकली. मग धर्मराजला लेकीची आठवण झाली.

"सरपंच व्हतीस का?" त्यानं जेवता जेवता विचारलं.

"आन् लग्नाचं?" गिरिजानं विचारलं. ती काही भोळी नव्हती.

"सरपंच पोरगी परगावी कशी धाडता यील? तू खुर्चीवर हायेस तवर लग्नाचं नाव न्हाई काढत."

सरपंचाची मुदत पाच वर्षांची. बारावीच्या पुस्तकातच होतं ते. गिरिजाच्या हातातला घास तसाच राहिला. पाच वर्षं! आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला एवढा वेळ देत होतं. तिनं लगेच दुसरी गोष्ट मागून घेतली. "मंग मी कालेज करते. राज्यशास्त्र घेते. सरपंचाला कामी यील."

"कर की," धर्मराज म्हणाला. "बिलकुल कर."

चार दिवसांनी ती काळीपिवळीत बसून जालन्याला गेली. सीड प्लॉटची पाहणी करायला कंपनीचे पारनेरकर साहेब गावात येत. त्यांच्या पत्नी अरुंधती मॅडम कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायच्या. नवीन जालन्यात स्टेशनकडच्या बाजूला त्यांचं घर. मॅडम भाजी निवडत होत्या. गिरिजा न सांगताच त्यांच्यासमोर मेथीची जुडी घेऊन बसली आणि एका दमात सगळं बोलून गेली.

मॅडम हसल्या. "पाच वर्षं आहेत ना हातात? मग नुसतं बी.ए. कशाला? नीट आखू." त्यांनी मेथीच्या काड्या ताटात ओळीनं मांडल्या. "पहिल्या वर्षी राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास. दुसऱ्या वर्षी भारताचं शासन नीट कर, सगळी इमारत त्यावर उभी राहते. तिसऱ्या वर्षी राजकीय विचार आणि स्थानिक स्वराज्य. त्यात तू आम्हालाच शिकवशील. पुढची दोन वर्षं औरंगाबादला एम.ए. सरपंचकी संपायला आणि तुझं एम.ए. व्हायला एकच गाठ पडते बघ. पुढं माझ्यासारखी मास्तरीण हो नाहीतर स्पर्धा परीक्षा दे."

गिरिजा त्या काड्यांकडं बघत राहिली. काकांच्या, मामांच्या पोरींची आयुष्यं तिनं पाहिली होती. कुणीतरी एक दिवस येऊन सांगायचं, उद्या पाहुणे येणारेत, आणि संपलं. आपलं आयुष्य असं वर्षावर्षानं पुढं मांडून ठेवता येतं, हे तिला नवीन होतं. परतताना गाडीत तिला इतका आनंद झाला की शेजारच्या बाईनं विचारलं, "काय गं, लगीन जमलं का?"

निवडणूक झालीच नाही, गाव बिनविरोध झालं. नऊ सदस्य, त्यात बापही आणि लेकही. गिरिजाच्या गळ्यात हार पडला, चुलत्यानं, पुंजारामनं, पेढे वाटले. तिला त्याचं नवल वाटलं, कारण पुंजाराम आणि धर्मराज यांचं बांधावरून उभं वैर होतं. आपल्या नावावर गावाचं एकमत झालं, असं ती समजली.

पहिलं वर्ष जसं जातं तसंच गेलं. खुर्चीवर धर्मराज बसायचा आणि गिरिजा सकाळी सह्या करून कॉलेजची गाडी पकडायची. पण शिकलेलं माणूस किती दिवस न वाचता सही करणार? दुसऱ्या वर्षी ती सही करायच्या आधी विचारायला लागली. मग भोकरदनला पंचायत समितीत एकटी जायला लागली. खालच्या वस्तीला पाणी नव्हतं, बाया ओढ्यातले झिरे उपसायच्या. गिरिजानं सहा महिने साहेबांच्या टेबलाशी उभं राहून तिथं नळ आणला. वस्तीतली सदस्य सगुणाबाई, बैठकीत कधी तोंड न उघडणारी, त्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाली, "ही पोरगी खरी सरपंच." धर्मराजला अभिमानही वाटला आणि कुठंतरी टोचलंही. तो खुर्चीवर बसायचा बंद झाला.

दोन्ही वर्षी गिरिजा पहिल्या वर्गात आली.

२००७ ची दिवाळी झाली. तिसऱ्या वर्षाचं अर्धं शिकवून संपलं होतं, मार्चमध्ये परीक्षा. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी धर्मराज ओट्यावर येऊन बसला आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, "गिरजे, राजीनामा लिव्हून दे."

"कशाचा?"

"सरपंचकीचा. अडीच वरसं झाली. आता पुंजारामची सून बसन, द्वारका."

गिरिजाला आधी ते कळलंच नाही. मग हळूहळू कळलं. बिनविरोधची बोलणी महादेवाच्या देवळात झाली होती. अडीच वर्षं धर्मराजच्या घरात, अडीच वर्षं पुंजारामच्या. दोघांनी पिंडीपुढं बेलभंडार उचलला होता, आणि पुंजारामचा विश्वास बसेना म्हणून धर्मराजनं तान्ह्या गजाननला तिथं आणून त्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. अख्ख्या गावाला हे माहीत होतं. चुलीपुढच्या वहिनीला माहीत होतं. नळावरच्या बायांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त सरपंचाला, जी रोज गाडीत बसून राज्यघटना शिकायला जात होती.

"तुमी मला पाच वरसं बोलले व्हते," ती म्हणाली.

"म्या पाच म्हणलोच न्हाई. खुर्चीवर हायेस तवर, म्हणलो." आणि हे खरं होतं. पाच वर्षं तिनं पुस्तकातून घेतली होती. "मंठ्याकडचं स्थळ आलंय," धर्मराज पुढं म्हणाला. "पोरगा जालन्याला एमआयडीसीत सळईच्या मिलमधी सुपरवायझर हाये. तुळशीचं लगीन झालं की उरकून टाकू. जल्दी करून राह्यलेत ते लोक."

"परीक्षा मार्चमधी हाये, बापू. चार महिने थांबा. तवर राजीनामा देत न्हाई, मंग तुमी म्हणसान तिथं उभी राहीन लग्नाला."

"बेलभंडाराला चार महिने कुठून आणू?"

गिरिजा उठली आणि आत गेली. तिनं राजीनामा दिला नाही. तिला रडूही आलं नाही, इतकी ती संतापली होती. तीन वर्षं जे शिकलो ते खरं आहे की देवळात तंबाखू खात केलेला सौदा खरा आहे, हे आता बघायचंच, असं तिनं ठरवलं.

पुंजारामनं बैठकीवर बैठक घेतली आणि शेवटी अविश्वास ठराव आणला. गिरिजा तो दाखवायला मॅडमकडं गेली. या वेळी भाजी निवडायला कुणाला सुचलं नाही.

"राखीव जागेवरच्या बाईला काढायचं तर तीन चतुर्थांश मतं लागतात," मॅडम म्हणाल्या. "नऊ जणांत सात. तुझ्या बाजूला कोण?"

"मी. सगुणामावशी. आन् बापू."

"मग त्यांची सहाच होतात. ठराव पडतो." मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "परीक्षेचा अभ्यास कर. खुर्ची कायद्यानं तुझी आहे."

गिरिजानं हा हिशोब दहादा मांडून बघितला. पुंजाराम, द्वारका आणि बाकीचे चौघं. सहाच. सगुणाबाईला तिनं वस्तीत जाऊन विचारलं. सगुणाबाई म्हणाली, "पोरी, माझा हात कापला तरी तुह्याविरुद्ध वर व्हनार न्हाई." बापाला मात्र तिनं काही विचारलं नाही. तो तिच्याशी बोलत नव्हता, पण ताटावर बसला की आपल्यातली अर्धी भाकरी मोडून तिच्या ताटात टाकत होता, लहानपणापासून टाकायचा तशी. बापाचं मत काय विचारायचं? ते तिनं धरूनच चाललं होतं.

ठरावाच्या आदल्या दिवशी गजाननला ताप भरला. थंडी सुरू झाली की पोरांना येतो तसा ताप. भोकरदनच्या डॉक्टरनं औषध दिलं आणि दोन दिवसांत उतरेल म्हणाला. पण वहिनी पोराला मांडीवर घेऊन दिवसभर सासऱ्याकडं बघत राहिली. आणि धर्मराज त्या दिवशी जेवला नाही.

सकाळी तहसीलदार आले. ग्रामपंचायतीच्या खोलीत सतरंजी अंथरलेली, दारात आणि खिडकीत गाव गोळा झालेलं. तहसीलदारांनी ठराव वाचला आणि म्हणाले, "ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

पुंजारामचा हात आधी वर झाला. मग द्वारकाचा, पदर सावरत. मग बाकीचे चार. गिरिजानं मनात सहा म्हटलं आणि श्वास सोडला. मार्चमधला पहिला पेपर कुठला, हेसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं.

तहसीलदार मोजत मोजत तिच्या उजव्या हाताला आले आणि म्हणाले, "सात."

तिनं वळून बघितलं. धर्मराजचा हात खांद्याच्या वर गेला नव्हता. कोपरात वाकलेला होता. पण हात वर होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

"धर्मराजराव, नीट वर करा, नोंद करायची आहे," तहसीलदार म्हणाले.

त्यानं नीट वर केला.

"विरोधात?" सगुणाबाईनं हात वर केला. गिरिजानंही केला. करायचा म्हणून केला. आतून काहीतरी तुटून पडलं होतं, आणि ते खुर्चीचं नव्हतं. सहा माणसं विरुद्ध जातील हे ती शिकली होती. सातवा माणूस कुठल्याच वर्षाच्या अभ्यासात नव्हता.

घरी येताना धर्मराज तिच्या मागं चालत होता. वेशीपाशी तो म्हणाला, "पोराच्या डोक्यावर हात ठिवला व्हता, माय."

"माझ्या डोक्यावर कवा ठिवला व्हता?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गजाननचा ताप उतरला. घरात सगळ्यांनी हात जोडले. तो ताप उतरणारच होता, हे बोलून काय उपयोग होता?

तुळशीच्या लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यात गिरिजाचं लग्न लागलं. पारनेरकर साहेब आणि मॅडम आले होते. मॅडमना राहवलं नाही. पंगतीच्या गडबडीत त्या नवरीपाशी आल्या, आणि शेजारी फेटा बांधून उभ्या असलेल्या सासऱ्याला, रखमाजीला, म्हणाल्या, "पाहुणे, मुलगी फार हुशार आहे. मार्चमध्ये तिची शेवटची परीक्षा आहे. जालन्यातच द्यायची आहे. तेवढी देऊ द्या."

रखमाजी मोठ्यानं हसला. माणूस दिलदार दिसत होता. "मॅडम, परीक्षेचं काय एवढं? अडीच वरसं सरपंचकी केलेली सून आमाला भेटली. तजुर्बा हाये पोरीला. आमच्या गावात पुढल्या साली निवडणूक हाये आन् बाईची सीट निघून राह्यलीय. म्हनून तं जल्दी केली लग्नाची. मतदार यादीत तिचं नाव घालायला म्या परवाच कागद दिलेत." तो खुशीत होता. "समद्या गावाशी बोलून ठिवलंय, बराबर बिनविरोध व्हनार."

मॅडमनी गिरिजाकडं बघितलं. मुंडावळ्यांच्या आड गिरिजाचे डोळे कोरडे होते. ती मॅडमच्या कानाशी वाकली.

"मॅडम," ती म्हणाली, "मी नवरी हाये, मला बोलता येत न्हाई. तुमी एवढं विचारून घ्या त्यांना. बोलणी पाच वर्षांची झालीय, का अडीचची?"