भालचंद्रचं दुसरं मागणं

ईस्टरच्या पहाटे फरीदाबादच्या ख्रिस्ती दफनभूमीत प्रार्थनेसाठी चर्चची मंडळी जमली होती, कबरींवर मेणबत्त्या लागल्या होत्या आणि कडुनिंबाचा मोहोर अलगद झरत होता. सत्तरीच्या अरुणाला सगळं स्वप्नातलंच वाटलं, कारण शेजारी भालचंद्र उभा होता. पन्नास वर्षांपूर्वी त्याच्या एका अटीपायी तिने त्याला नाही म्हटलं होतं. आता करोल बागेत तीन दुकानं असलेला तो विधुर तीच अट घेऊन पुन्हा आला होता.

"लग्न कर माझ्याशी. जग फिरू, मजा करू. ते चर्च-बिर्च तेवढं सोड."

"अजून तसाच हट्टी आहेस रे!"

"आणि तू तशीच वेडी. भल्या पहाटे कबरींत येऊन बसतेस!"

ती हसली. त्याचा हात धरावासा तिला फार वाटला. पण इतक्या वर्षांच्या एकटेपणात ज्या प्रभूने तिला धरून ठेवलं, त्याला सोडून ती कुठे जाणार होती?

"नाही, भालू. पन्नास वर्षं रोज तुझ्यासाठी प्रार्थना केली. ती कशी सोडू?"

भालचंद्र फाटकाकडे वळला. पूर्वेला उजाडलं. "प्रभू उठला आहे!" चर्चच्या पाळकांनी जमलेल्या मंडळीला ईस्टरची हाक दिली.

"खरोखर उठला आहे," अरुणाने ठरलेलं उत्तर दिलं, भरल्या डोळ्यांनी, सगळ्यांच्या आधी.