लुगड्याखाली वाळणारा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे. कमरेचाच, पण विजारीचा नव्हे. माझ्यात काय काय आहे ते आधी मोजून सांगतो. रबरी विणीची मुख्य पट्टी एक, मांड्यांखालून जाणाऱ्या अरुंद पट्ट्या दोन, हूक चार आणि उजव्या बाजूला तळहाताएवढी कापसाची गादी एक. चारपैकी एक हूक गंजून तुटला, त्या जागी सेफ्टी पिन आहे. नवा होतो तेव्हा गादीची जाडी तीन सेंटीमीटर होती. आता दीड आहे.

मित्रांनो, पोटाच्या आतल्या भिंतीला भोक पडले की माणूस उभा राहिल्यावर आतडे त्यातून डोकावते आणि जांघेत गाठ दिसते. याला हर्निया म्हणतात. ती गाठ आत दाबून धरणे एवढेच माझे काम. भोक बुजवणे मला येत नाही, ते सर्जनचे काम. हे माझ्या खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेले होते. पण मानोरा गावातल्या औषधाच्या दुकानात सोमलाने मला विकत घेतले तेव्हा खोका तिथेच टाकून दिला. खोक्यावर उघड्या माणसाचे चित्र होते. ते घेऊन तांड्यावर, आपल्या बंजारा वस्तीत, कसे जायचे?

सोमला दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारा माणूस. डोक्यावर उसाची मोळी घेऊन तो फळीवरून ट्रकमध्ये चढायचा. सहा हंगाम मी त्याच्या धोतराच्या आत राहिलो आणि गाठ बाहेर येऊ दिली नाही. "पट्टा मोठा इमानदार हाय," तो बायकोला, रुपाबाईला, हळूच म्हणायचा. मी फुलून जायचो. रुपाबाई मला आठवड्यातून एकदा धुवायची, दोरीवर टाकायची आणि वरून लुगडे पसरायची. त्या लुगड्याखालीच मी वाळायचो. सहा वर्षांत माझ्यावर ऊन पडले नाही. मला वाटायचे, मोलाच्या वस्तू अशाच झाकून ठेवत असतील.

इकडे गाठ वाढत होती आणि माझी गादी झिजत होती. घरापासून डांबरी रस्ता सहाशे बारा पावले. तेवढ्यात सोमला तीनदा खाली बसायचा. एकदा चपलेतला खडा काढायला, एकदा विडी पेटवायला, एकदा पुन्हा खडा काढायला.

हे मोजले त्याच्या मुलीने. रीता वाशीमला बी.एस्सी.ला आहे. दसऱ्याला घरी आली तेव्हा ती बापाच्या मागून चालत गेली, आणि धुण्याच्या दिवशी तिने आईला, तिच्या याडीला, गाठले.

"याडी, माह्या बाले काय झालं?"

"काई नाई व."

"तीन डाव बसला थो. चपलेत खडा एकबी नोता."

रुपाबाईने माझ्यावरचे लुगडे उचलले. "आतडं उतरते त्याचं. पण तुले समजलं हे त्याले सांगू नको. मान खाली जाईन त्याची."

"अन् आतडं त्या भोकात अडकलं, काळं पडलं, तं? मंग जीव जाते, याडी!"

ऊसतोडीची गाडी यायला तीन आठवडे होते. घरात सरकारी विम्याचे कार्ड होते. त्यावर ऑपरेशन फुकट होणार होते, फक्त ते कार्ड घेणारा सर्जन सापडायला हवा होता. "बा, पोटाच्या डॉक्टरले दाखवू," एवढेच सांगून रीता त्याला घेऊन निघाली. पहिल्या दवाखान्यावर कार्ड चालत असल्याची मोठी पाटी होती. खिडकीतली बाई म्हणाली, "चालते ना, पण डोळ्यायच्या ऑपरेशनले. सर्जन कवाचेच सोडून गेले." दुसऱ्या दवाखान्यात सर्जन होता, पण तो कार्ड घेत नव्हता. तिसरा वाशीमला. तिथे सर्जनही होता आणि कार्डही चालत होते, मात्र बुधवारीच.

बुधवारी कळले की सर्जन बाई आहेत, डॉक्टर सुकेशनी. सोमला तडक संडासात गेला. मला सोडले, गुंडाळले आणि पिशवीच्या तळाशी कोंबले. रीताला बाहेर बसवून तो पिशवी घेऊन एकटा आत गेला.

"काय होते, काका?"

"आंबट ढेकरा येतेत."

डॉक्टरांनी त्याला आडवे निजवून पोट दाबले. आडवे पडले की आतडे आपोआप आत जाते. त्यांना काहीच सापडले नाही. गोळ्या मिळाल्या. मी सगळे ऐकत होतो. सहा वर्षे मी इमानदारीने जे केले त्याला लपवणे म्हणतात, हे मला त्या पिशवीत कळले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

चिठ्ठीवर नुसत्या ढेकरांच्या गोळ्या बघून रीताने पुढच्या बुधवारी पुन्हा बापाला एसटीत बसवले. ऊसतोडीची गाडी यायला आता पाच दिवस होते. मला त्याने वाटेतच पुन्हा पिशवीत टाकले होते. खिडकीमागे रविकांत बसला होता. विम्याचे कागद तोच बघायचा. त्याने कार्ड मागितले. रीताने पिशवीत हात घालून कार्डाची फाईल ओढली. माझा हूक फाईलला अडकलेला. फाईलीबरोबर मीही बाहेर आलो आणि सगळ्या रांगेसमोर लोंबकळू लागलो.

"हे काय बाप्पा, बैलाची मोरकी आणली का?" मागून कुणीतरी म्हणाले. रांग हसली.

"कोणाचा हाय हा?" रविकांतने विचारले.

सोमला भिंतीकडे बघत म्हणाला, "माहा नाई."

रीताने मला शांतपणे काढले, घडी घातली आणि छातीशी धरले. "माहा हाय," ती म्हणाली.

आता रांग जास्तच हसली. सोमलाची मान वळली. पोरगी त्याची लाज अंगावर घेऊन उभी होती.

"नाई," तो म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, "माहा हाय थो. सा वर्षं झाले."

हसणे थांबले. आत डॉक्टरांनी या वेळी त्याला उभे केले. "आता खोकून दाखवा, काका." गाठ बाहेर आली. साडेचार सेंटीमीटर.

"काका, अन् थ्या आंबट ढेकरा कोणाच्या होत्या?"

"तुमी बाई माणूस, मॅडम..."

त्यांनी मला बोटाने उचलले. "दार मोडलं म्हून त्याले खाट लोटून ठेवली, तं दार दुरुस्त होते काय?"

ती खाट मी होतो.

शुक्रवारी कार्डावर ऑपरेशन झाले. ऊसतोडीची गाडी सोमलाशिवाय गेली. रुपाबाईने मला शेवटचे धुतले, दोरीवर टाकले आणि लुगडे घडी करून घरात नेले. माझ्यावर ऊन पडले. दुपारी शेजारचा हेमला आला. इकडेतिकडे बघून त्याने माझी गादी चाचपली आणि हळूच विचारले, "वयनी, थे मॅडम कोणत्या दिवशी बसते?"

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी वाटेत उगीच खाली बसत असेल, तर त्याला चपलेतला खडा दाखवायला सांगा. आणि डॉक्टरसमोर मला पिशवीत लपवू नका.

दोन महिन्यांनी रीता घरी आली आणि बापाच्या मागून रस्त्यापर्यंत चालत गेली. आता त्याचे पाऊल लांब पडत होते. पावले पाचशे चौऱ्याहत्तर. बसणे शून्य.