एकशेवीस दस्ते

सैन्याच्या त्या शस्त्रागारात भांडारपालाला सगळे कडीकुलूप म्हणायचे. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं, चार पावलं जाऊन परत फिरायचं आणि आणखी एकदा ओढायचं, ही त्याची खोड. बायको विचारायची, "अहो, त्या कुलपानं तुमचं काय घोडं मारलंय?" तो हसायचा. सोळा वर्षांत कुलूप एकदाही उघडं राहिलं नव्हतं, याचा त्याला केवढा अभिमान! पण कुलपाच्या आत काय उरलंय, हे बघायची गरज काही त्याला कधी वाटली नाही.

मोजणी दर सोमवारी. रायफली भिंतीला रांगेत उभ्या, सगळ्यांमधून एक साखळी ओवलेली, वरून धुळीसाठी जाड ताडपत्री. ताडपत्रीखालून फक्त लाकडी दस्ते दिसायचे, म्हणून मोजायचे ते दस्ते. एकशेवीस. साखळीला दोन कुलपं. एक किल्ली त्याच्याकडे, दुसरी मोठ्या साहेबांकडे, आणि साहेब कधी जागेवर सापडतील तर शपथ! शेवटी साहेबांनी आपली किल्ली वर्कशॉपच्या मिस्त्रीकडेच देऊन टाकली. सोय झाली म्हणे.

आता एखादी रायफल दुरुस्तीला गेली की आकडा एकशेएकोणीस होणार. त्यासाठी अर्ज चार प्रतींत, सह्या तिघांच्या, आणि ती परत आली की पुन्हा तेच. कोण करत बसणार? तेव्हा तोड काढली ती आपल्या कडीकुलपानंच. कवायतीच्या लाकडी बंदुकीला मोडीतल्या रायफलीचा दस्ता ठोकायचा आणि रिकाम्या जागी ती उभी करायची. खरी परत आली की लाकडी काढायची. साहेबांनी पाठ थोपटली. खरी आणून लावायचं काम मिस्त्रीचं. "तुझी आली बघ जागेवर," असं मिस्त्री आतूनच ओरडायचा आणि आपलं कुलूप काढून दिलेला हा बाहेर टेबलावर सही ठोकायचा. अरे बाबा, उठून एकदा ताडपत्री वर केली असतीस तर काय हात झिजले असते?

त्याची मुलगी पोलिसात होती, हमरस्त्यावरच्या चौकीवर. एका गुरुवारी भरदुपारी तिथे जीप थांबली आणि आतल्या लोकांनी गोळ्या झाडल्या. तिच्याबरोबरचा हवालदार जागीच गेला. तिचा उजवा हात कोपरापासून कापावा लागला. पळताना त्या लोकांची एक रायफल रस्त्यात पडली होती. शनिवारी शस्त्रागारात वरच्या कचेरीचं पत्र आलं. चौकीजवळ सापडलेली अमुक नंबरची रायफल आपल्या नोंदवहीत जागा त्रेचाळीसवर दिसते, खात्री करून कळवावे.

पत्र वाचून तो चिडलाच. त्रेचाळीस? अहो, सोमवारीच तर मोजल्यात सगळ्या! तरी तो मिस्त्रीकडे किल्ली मागायला गेला. मिस्त्री शुक्रवारपासून रजेवर. किल्ली त्याच्या टेबलाच्या खणात, स्क्रूच्या डबीखाली पडलेली. खणाला साधी कडीसुद्धा नव्हती.

त्यानं दोन्ही कुलपं काढली, ताडपत्री वर केली. त्रेचाळीसच्या जागी लाकूड होतं. चव्वेचाळीसच्याही. एका टोकापासून तो एकेक उचलून बघत गेला. एखादी हाताला जड लागली की जीव भांड्यात पडायचा, आणि पुढची लगेच हलकी निघायची. एकोणतीस लाकडी निघाल्या. तो तिथेच फरशीवर बसला आणि ढसाढसा रडला. "माझ्याच पोरीचा हात," तो म्हणत राहिला, "मीच तोडला की हो!"

साहेबांनी त्याचं सगळं उभ्या उभ्या ऐकून घेतलं.

"मोजणी किती भरते?"

"एकशेवीस, पण साहेब..."

"भरते ना? झालं तर मग. तुमच्या मुलीचं ऐकून वाईट वाटलं. म्हणूनच तुमचं डोकं ठिकाणावर नाही. घरी जा."

घरी कसला जातोय! मंगळवारी वरून चौकशीला दोन अधिकारी आले. वाकून, पेनाच्या टोकानं त्यांनी दस्ते मोजले. एकशेवीस. त्याला राहवेना. साखळी त्यानं आधीच काढून ठेवली होती. तो पुढे झाला, एक बंदूक ओढली आणि थोरल्या अधिकाऱ्याच्या हातात कोंबली. "आता बोला!"

अधिकाऱ्यानं वजन तोललं आणि त्याचा चेहरा उतरला. ती त्यानं हळूच जागेवर ठेवली, रुमालानं हात पुसले.

"ही डमी लावायची पद्धत कोणाची?"

"माझी. सह्याही माझ्याच. मिस्त्रीला पकडा साहेब, मलाही पकडा. हवं तर लिहून देतो."

आणि खरंच दिलं लिहून, नंबरांसकट दोन पानं. अधिकाऱ्यानं ती घडी करून खिशात घातली. "एकोणतीस म्हटलं की वरपर्यंत किती जणांच्या नोकऱ्या जातील, कळतंय का तुम्हाला?" एवढंच बोलला.

आठवड्यात अहवाल आला. शस्त्रसाठा पूर्ण. सापडलेल्या रायफलीवरचा नंबर बनावट. भांडारपालास मुलीच्या आजारपणामुळे दोन महिने रजा. मिस्त्रीबद्दल अवाक्षर नाही. तो मुलीच्या ठाण्यावर गेला. तिथले फौजदार म्हणाले, "काका, अहवाल आलाय ना, आता कशाला उकरताय?" वर्तमानपत्राच्या कचेरीत गेला. तिथे कागद मागितले, आणि कागद तर अधिकाऱ्याच्या खिशात. सगळ्यांनी हात झटकले.

शेवटी तो दवाखान्यात गेला. मुलगी उशीला टेकून बसली होती. बापाला बघून तिचा चेहरा उजळला.

"बाबा, अहवालाचं कळलं मला. हवालदारांच्या आई आल्या होत्या, त्यांनाही सांगितलं मी, की ती रायफल आमच्या बाबांकडची नव्हती. त्यांच्या हातून असं व्हायचंच नाही."

हो म्हणून टाकलं असतं तर कोणी विचारणारं नव्हतं. तसा मोह त्याला झालाही. पण तिच्या कोपराच्या पट्टीकडे बघत त्याच्यानं खोटं बोलवेना.

"माझ्याकडचीच होती, बाळा," तो म्हणाला, आणि सगळं सांगून टाकलं. ताडपत्री, मिस्त्री, आपली अक्कल, दोन पानं, सगळं.

ती ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "किती म्हणालात?"

"एकोणतीस."

"एक सापडली. म्हणजे अठ्ठावीस बाहेर आहेत."

"हो."

डाव्या हातानं ती उशाशी फोन चाचपडू लागली. चौकीवर आता नव्या दोघी आल्या होत्या, कालच तिला भेटून गेल्या होत्या. फोन हातात आला, तशी ती थांबली.

"त्यांना सांगून त्या तरी काय करणार? कोणाला सांगायचं, बाबा?"

सांगण्यासारखे जे कोणी होते, त्या सगळ्यांना त्याचं सांगून झालं होतं.